ओसरीवरून : राणीच्या बागेतला अशोक

वैशाख लागला, शाळांना सुट्ट्या पडल्या, आणि आमच्या गिरगावातील बिऱ्हाडास आपला वार्षिक कुळधर्म आठवला. हा कुळधर्म कोणत्याही स्मृतिग्रंथात सापडावयाचा नाही. तथापि त्यात कसूर झाली तर बालगोपाळांच्या दरबारात आम्हांस प्रायश्चित्त घ्यावे लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस सहकुटुंब सहपरिवार राणीच्या बागेत जावयाचे, हाच तो कुळधर्म. त्या बागेचे नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे आणि ते सर्वथा गौरवास्पद आहे. पण भायखळ्यास उतरून ‘राणीची बाग’ म्हटले की वाटसरू अजूनही चटकन बोट दाखवितो, म्हणून येथे आम्हीही जुन्या नावाचीच सवय चालू ठेवितो.

गेल्या वर्षी या कुळधर्माची भलतीच फजिती झाली होती. अकरा माणसे उन्हातून भायखळ्यास पोचली तो दरवाजा बंद! बुधवारी बाग बंद असते, ही गोष्ट घरातील एकाही शहाण्यास ठाऊक नव्हती. सर्वांत शहाणे आम्ही, सबब दोषही आमच्याच पदरात पडला. यंदा म्हणून पंचांगात तिथी पाहण्यापूर्वी वार पाहिला आणि मंगळवार मुक्रर केला.

आमचे घर म्हणजे वाचकांपैकी पुष्कळांच्या घरासारखेच आहे. सर्वांत वडील ती. वहिनी, त्यांची पंचाहत्तरी उलटली आहे. कै. दादांच्या पश्चात घराची किल्ली त्यांच्याच कमरेला आहे. त्यानंतर आम्ही व आमचे कुटुंब, मग पुतण्या आणि चिरंजीव, दोन्ही सुना, आणि चार नातवंडे. वहिनी १९७० साली या घरात आल्या तेव्हा आम्ही अकरा वर्षांचे होतो. आमच्या मुंजीनंतरच्या शेंडीला तेल त्यांनी लावले आणि आमच्या जुन्या मॅट्रिकच्या पेढ्यांचे पैसेही त्यांनीच डाळीच्या डब्यातून काढून दिले. तेव्हा ‘वहिनी’ या शब्दात आमच्यापुरता ‘आई’ या शब्दाचा बराच मोठा अंश आहे, हे सुज्ञ वाचकांनी ध्यानात घ्यावे.

पूर्वी या स्वारीची तयारी पहाटे चारपासून चाले. पोळ्यांची चवड, बटाट्याची सुकी भाजी, दहीभाताचे पातेले, कैरीच्या पन्ह्याची बरणी, पत्रावळी, सतरंजी, असा सारा संसार दोन करंड्यांत भरून निघावयाचा. सांप्रत ते सारे मागे पडले. सकाळी पोटभर न्याहारी करून निघावयाचे आणि दुपारचा आमरस घरी येऊन खावयाचा, असा सुटसुटीत बेत दोघी सुनांनी ठरविला, आणि तो उत्तमच आहे. करंड्या गेल्या. परंतु अकरा माणसांचे सामान म्हणजे काही थोडे नसते. पाण्याच्या बाटल्या, टोप्या, छत्र्या, धाकट्याचे कपड्यांचे जोड, कोणाचे औषध, कोणाचा चष्मा, असे करता करता पाच पिशव्या झाल्या.

दरवाजातून आत शिरताच आमच्यातील निवृत्त शिक्षक जागा झाला. छत्तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेल्या माणसाला चार मुले एकत्र दिसली की पाठ सुरू केल्याशिवाय राहवत नाही. आम्ही मुलांना सांगितले, की ही बाग १८६२ साली खुली झाली. तेव्हा तिचे नाव व्हिक्टोरिया राणीवरून पडले होते आणि त्यावरूनच ती लोकांच्या तोंडी राणीची बाग झाली. शेजारचे वस्तुसंग्रहालय १८७२ साली उघडले आणि १९७५ साली त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. हे भाऊ दाजी व्यवसायाने वैद्य, पण कालिदासाच्या काळाविषयी निबंध लिहिण्याइतके संस्कृतज्ञ! संग्रहालयाच्या आवारातील तो दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली त्याला विलायतेस नेण्याची खटपट झाली, पण उचलतानाच तो पडून भंगला. त्याचे तुकडे या बाजूस आले आणि १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. इतके सांगून आम्ही मागे वळून पाहिले तो श्रोत्यांपैकी तिघे पेंग्विनांच्या दिशेने पसार झाले होते. केवळ थोरली नात शेवटपर्यंत उभी होती. ती यंदा आठवीत जाईल आणि शाळेत संस्कृत घेणार आहे.

वहिनी दरवाजापासून थोड्या अंतरावर एका सावलीतल्या बाकावर जाऊन बसल्या. कोणी त्यांना बसा म्हटले नाही, कोणी चला म्हटले नाही. पाचही पिशव्या एकामागून एक त्यांच्याभोवती येऊन पडल्या. सूनबाईंनी धाकट्याची टोपी त्यांच्या मांडीवर ठेविली, पुतण्याने छत्री टेकविली, आणि आम्हीही हातातली पिशवी ठेवून मोकळ्या हातांनी पुढे चालू लागलो. हे सर्व इतक्या सहजपणे झाले की त्यात काही घडले असे आम्हांस वाटलेदेखील नाही.

पेंग्विनांपुढे मोठी गर्दी होती. २०१६ साली हे आठ पाहुणे दक्षिण कोरियातील सेऊलहून येथे आणले गेले आणि पुढल्या वर्षापासून लोकांना पाहावयास मिळू लागले. धाकट्या नातवाने प्रश्न केला, “आजोबा, यांना बर्फ का नाही?” प्रश्न उत्तम होता. हे हंबोल्ट जातीचे पेंग्विन मुळी बर्फातले नव्हतच. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर त्यांची वस्ती. तेथून वाहणारा समुद्राचा प्रवाह थंड असतो, म्हणून त्यांना गारवा लागतो, हिमालय लागत नाही. येथेही त्यांची खोली सुमारे १६ ते १८ अंशांवर थंड ठेवितात. हे ऐकून तो चिमुरडा म्हणाला, “मग आपल्यालाही इथेच राहू द्या.” बाहेरील वैशाखवणवा लक्षात घेता त्या मागणीत गैर काही नव्हते.

पाणघोड्याची जांभई पाहून झाल्यावर आम्ही वृक्षांकडे वळलो. लोक या बागेत प्राणी पाहावयास येतात. परंतु आमच्या मते तिचे खरे धन वृक्ष हेच आहे. पन्नास एकरांहून अधिक विस्ताराच्या या जागेत अडीचशेहून अधिक जातींच्या वृक्षांची नोंद झालेली आहे. आफ्रिकेतून आलेली, हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची गोरखचिंच येथे आहे. दक्षिण अमेरिकेचा कैलासपती येथे आहे; त्याची फुले फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात, आणि फुलातील रचना शिवलिंगावर नागाने फणा धरावा तशी दिसते, म्हणून परदेशीय असूनही आपल्या लोकांनी त्यास इतके पवित्र नाव बहाल केले. ब्रह्मदेशची उर्वशी येथे आहे. भर उन्हात पिवळ्या घोसांनी लवलेला आपला बहावा आहे, आणि मादागास्करहून येऊन आपलासा झालेला गुलमोहरही आहे.

हिंडता हिंडता एका सरळसोट, उंच, हिरव्यागार झाडापाशी आम्ही थांबलो. दर वर्षी आम्ही येथे थांबतोच. “हा अशोक,” आम्ही नातीस म्हणालो. “सीता याच वृक्षाखाली बसली होती. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त याच वृक्षाला बहर यावा म्हणून मालविका त्याला पायाने ताडन करिते. राणी धारिणीचा पाय झोपाळ्यावरून पडून दुखावलेला असतो, म्हणून ते काम मालविकेकडे येते. याला निघंटूत ताम्रपल्लव म्हटले आहे. बघ याची कोवळी पाने कशी तांबूस आहेत!” नातीने मान वर करून पाहिले आणि विचारले, “आणि फूल?” आम्ही म्हणालो, “बहर सरला असेल.”

अकराच्या सुमारास आम्ही बाकापाशी परतलो. मुले पाण्यावर तुटून पडली. वहिनींनी बरोबर ज्याची बाटली त्याच्या हातात दिली. नात त्यांच्याजवळ बसून अशोकाची कथा सांगू लागली आणि सांगता सांगता सहज विचारती झाली, “मोठी आजी, तू काय काय पाहिलेस?”

वहिनी हसून म्हणाल्या, “मी? मी पिशव्या पाहिल्या.”

सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु ते हसू ओठांवर असतानाच मनाने हिशेब मांडावयास सुरुवात केली, आणि मास्तराच्या मनाला हिशेब एकदा मांडला की उत्तर काढावेच लागते. १९७० पासून आजतागायत, एखादे आजारपणाचे अथवा सुतकाचे वर्ष वगळले, तर ही वारी चुकलेली नाही. त्या प्रत्येक वारीत वहिनी होत्याच. पहिल्या वर्षी आम्ही येथे हत्तीवर बसून फेरी मारिली, तेव्हा आमच्या चपला त्यांच्या हाती होत्या. पुढे आमच्या लग्नानंतर आमच्या सौभाग्यवतीस घेऊन आम्ही सारी बाग हिंडलो, तेव्हा करंड्यांपाशी त्याच बसल्या. मुले झाली, सुना आल्या, नातवंडे झाली, करंड्यांच्या जागी पिशव्या आल्या. राखण मात्र बदलली नाही. आम्ही ज्या बागेचा इतिहास सनावळीसह सांगतो, त्या बागेचा दरवाजा, एक बाक आणि आमच्या सर्वांच्या पाठी, एवढेच या बाईने पन्नासाहून अधिक वर्षे पाहिले होते!

आम्ही म्हणालो, “वहिनी, तुम्ही कधी बोलला नाहीत?”

“त्यात बोलायचे काय, भावोजी? सामानापाशी कोणीतरी बसायलाच हवे.”

“पण ते कोणीतरी नेहमी तुम्हीच का?”

त्यांनी थोडा विचार केला. “कोणी म्हटले नाही, मी बसते, तुम्ही जाऊन या. आणि कोणी म्हटले नाही, की आपणहून उठावेसे वाटत नाही.”

यात तक्रारीचा सूर अणुमात्र नव्हता. असता तर आम्हांस बरे वाटले असते. तक्रारीस उत्तर तरी देता येते.

आम्ही तत्काळ बाकावर बैठक मारिली आणि नातीस आज्ञा केली, “मोठ्या आजीला हळूहळू घेऊन जा. गुडघे दुखतात, तेव्हा सावलीसावलीने, मध्ये बसत बसत. पेंग्विन राहिले तरी चालतील. तिला पाहावेसे वाटेल ते दाखीव.” वहिनी उठेनात. “तुम्हांस कोणाची बाटली कोणती ते कळायचे नाही,” असे त्या म्हणाल्या. आम्ही म्हणालो, “छत्तीस वर्षे चाळीस चाळीस मुलांची हजेरी घेतली आहे, पाच पिशव्यांचे काय?” तेव्हा कोठे त्या नातीच्या हाताला धरून निघाल्या.

वाचकहो, या बढाईची शिक्षा आम्हांस लागलीच मिळाली. पहिल्या दहा मिनिटांत धाकटा टोपी मागावयास आला. ती तीन पिशव्या उपसून चौथीत सापडली. सूनबाईंचा चष्मा औषधांच्या डबीखाली होता, हे आम्हांस तो सापडेपर्यंत ठाऊक नव्हते. एका कावळ्याने बिस्किटांच्या पुड्याचा ताबा घेतला. ज्या पाण्याची बाटली आम्ही एका नातवास दिली ती दुसऱ्याची निघाल्याने दोघांत युद्ध जुंपले. या साऱ्या कारभारात डोके वर काढण्यास सवड मिळाली तेव्हा आम्ही आजूबाजूस पाहिले, आणि जे आजवर दिसले नव्हते ते दिसले. जवळच्या बहुतेक बाकांवर एकेक वयस्क बाई, भोवती पिशव्या घेऊन, बसली होती. कोणाच्या मांडीवर निजलेले मूल होते, कोणापुढे चपलांची रांग होती. प्रत्येक कुटुंबाने आपापली एक वहिनी दरवाजापाशी ठेविली होती आणि ती कुटुंबे मोठ्या आनंदाने बाग पाहत होती.

तासाभराने दोघी परतल्या. वहिनींची चाल थकलेली, पण चेहरा असा खुललेला की आमच्या कुटुंबानेही वळून पाहिले. त्यांनी पदराची गाठ सोडून एक लहानसा घोस आमच्यापुढे धरिला. नारिंगी, कडेला लालसर होत चाललेली, बारीक केसरांची फुले. “तोडली नाहीत हो, खाली पडलेली उचलली,” हे प्रथम सांगून मग त्या म्हणाल्या, “भावोजी, हा तुमचा अशोक.”

आम्ही चमकलो. “आणि तो उंच?”

“तो आसुपालव.”

वहिनींचे वडील कोकणात वैद्यकी करीत. त्यांच्या परसात अशोकाचे झाड होते. फाल्गुन-चैत्रात तळवटी फुलांचा सडा पडे आणि तो वेचण्याचे काम लहानग्या वहिनींकडे असे. अशोकारिष्टासाठी साल लागे. बाजारात कित्येक जण अशोकाच्या नावाखाली आसुपालवाची साल खपवीत. असा मनुष्य आला तर त्यांचे वडील त्याला पायरी चढू देत नसत. दोन्ही झाडांची पाने समोरासमोर ठेवून त्यांनी लेकीला फरक शिकविला होता. आसुपालवाचे पान सुटे, लांबट, कडेला लाटांसारखे. अशोकाचे पान एका दांडीवर पर्णिकांच्या जोड्यांनी बनलेले. आसुपालवाचे फूल हिरवट, पानांत लपणारे. अशोकाचे फूल नजर ओढून घेणारे. झाड उंचीने बेताचे, माथा पसरट, खाली दाट सावली. सीतेला बसावयाचे झाले तर तिने सावलीचे झाडच पाहिले असणार, खांबासारखे नव्हे!

आता आमच्या लक्षात आले, की ज्या निघंटूतला ताम्रपल्लव हा शब्द आम्ही मोठ्या ऐटीने सांगत होतो, त्यातच अशोकास हेमपुष्प असेही म्हटले आहे. कोवळी पालवी दोन्ही झाडांची तांबूस असते, त्यामुळे पहिला शब्द जुळला आणि आम्ही तेवढ्यावर संतुष्ट झालो. सोन्याच्या रंगाची फुले या हिरव्या खांबाला कधी दिसली नाहीत, हे दर वर्षी डोळ्यांसमोर असूनही आम्ही ‘बहर सरला असेल’ म्हणून पुढे चालत राहिलो. शब्द पाठशाळेत मिळाला होता, झाड कोणीतरी बोटाने दाखविले होते, आणि दोहोंची गाठ आम्ही स्वतः कधी तपासून पाहिली नव्हती.

“वहिनी,” आम्ही विचारले, “हे तुम्हांस पहिल्यापासून ठाऊक होते?”

“घरी तुम्ही पोरांना सांगत असा तेव्हा कानावर यायचे.”

“मग कधी सांगितले का नाही?”

“तुम्ही मास्तर,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “चार पोरांच्या देखत तुम्हांस कशाला खोटे पाडायचे? आणि मला वाटे, तुमच्या पुस्तकातला अशोक वेगळा असेल.”

हे वाक्य आम्हांस फार लागले. या बाईपाशी ज्ञान होते आणि आमच्यापाशी फळा होता. आमच्या हातून निदान छत्तीस तुकड्या गेल्या. त्यांतील कित्येकांनी आपल्या मुलांना आसुपालव दाखवून ‘हा सीतेचा अशोक’ म्हणून सांगितले असेल. मान राखण्याच्या भिडेने एक चूक अर्धे शतक घरात सुखाने नांदली; आणि ती भीड कोणाची होती म्हणावे तर वहिनींपेक्षा आमचीच अधिक, कारण ‘तुम्हांस काय वाटते’ असे आम्ही त्यांस कधी विचारलेच नव्हते.

तेव्हा या स्तंभातून आम्ही आमच्या सर्व जुन्या विद्यार्थ्यांस कळवितो, की शाळेच्या कुंपणाजवळचे जे उंच झाड आम्ही अशोक म्हणून दाखविले ते आसुपालव होय. खरा अशोक पाहावयाचा असेल तर माघापासून चैत्रापर्यंत पाहावा. तो आता रानांतून विरळ होत चालला आहे. औषधासाठी साल ओरबाडून नेल्याने त्याची गणना संकटात असलेल्या वृक्षांत होऊ लागली आहे. ज्याच्या दारी जागा असेल त्याने एक रोप अवश्य लावावे. मात्र घेताना पान पाहून घ्यावे. नर्सरीतही अशोक म्हणून आसुपालवच हाती पडण्याचा संभव असतो.

घरी येऊन आमरसाची पंगत झाली. वहिनींनी आणलेला घोस वाटीभर पाण्यात देवापुढे ठेविला होता; रात्री त्याचा मंद वास ओसरीपर्यंत आला. त्याच पंगतीत घरची सभा भरली आणि ठराव झाला, की यापुढे बाहेर जाताना पिशव्यांपाशी कोणी बसावयाचे याच्या चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि एकाने तासाभराहून अधिक बसू नये. पुतण्याने सुचविले, की मोठ्या आजीचे नाव चिठ्ठ्यांत घालूच नये. तिने पुष्कळ राखण केली आहे.

त्यावर वहिनी म्हणाल्या, “नाही रे, माझेही नाव घाला. मला झाडाखाली बसायला आवडते. फक्त माझी चिठ्ठी निघाली म्हणून बसेन.”

या ठरावास आम्ही अनुमोदन दिले. ज्या वाचकांच्या घरी यंदाच्या सुट्टीतील सहल अजून व्हावयाची असेल, त्यांनी निघण्यापूर्वी कागदाचे चार कपटे खिशात टाकावेत.